आरपार धोंडा

गेल्या उन्हाळ्यात एका प्रशिक्षणसंस्थेने माझ्याकडे एक पुस्तिका तपासायला धाडली. भूकंपात तग धरील असे घर कसे बांधावे, हे खेड्यातल्या गवंड्यांना शिकवणारी. मराठीचा प्राध्यापक म्हटल्यावर मी हुरळलो आणि चार रात्री जागून भाषेवर संस्कार केले. एके ठिकाणी तर ‘उभयपृष्ठबंधक प्रस्तर’ असा शब्द घडवून स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. सौभाग्यवतींनी तो वाचून, “हे खायचं की अंगाला लावायचं?” असे विचारले, पण घरच्या टीकेकडे लक्ष देईल तो प्राध्यापक कसला!

पुढे गवंड्यांचा वर्ग भरला तेव्हा मलाही बोलावणे आले. लातूरकडचे एक साठीचे मिस्त्री पुस्तिका हातात धरून उठले. “गुरुजी, हे उभय... म्हंजे काय वो?”

मी समजावू लागलो. दगडी भिंतीला आतला एक आणि बाहेरचा एक असे दोन थर असतात, मध्ये चिपा आणि माती. हादरा बसला की थर एकमेकांपासून सुटतात, फुगतात आणि ढासळतात. म्हणून ठरावीक अंतरावर दोन्ही थरांना धरून ठेवणारा एक लांब दगड घालायचा.

“म्हंजे आरपार धोंडा! मग तसंच लिवा की!”

वर्ग हसला, मीही हसलो. मिस्त्री मात्र हसले नाहीत. म्हणाले, “किल्लारीच्या वक्ताला मी बांधलेल्या घरात तीन माणसं गेली. दगूड चांगला व्हता, चिखलबी चांगला मळला व्हता. ह्यो धोंडा तेवढा कुणी सांगितला नव्हता.”

वाचकहो, १९९३ सालचा तो ३० सप्टेंबर. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून थकलेली माणसे पहाटेच्या झोपेत होती. मी तेव्हा शाळकरी मुलगा होतो. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत आठ ते दहा हजार माणसे गेली. धरणी हादरली खरी, पण जीव घेतला तो बहुतांशी मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंतींनी आणि वरच्या माळवदाच्या ओझ्याने.

संकटासाठी माणसे तयार करणाऱ्या संस्था आपल्याकडे नव्हत्या असे नाही. नागपुरात १९५७ सालीच सरकारने असे विद्यालय काढले होते. पण तिथे शिकायला येत ते अधिकारी. शहाणपण वर्गापर्यंत येते. तिथून गवंड्याच्या थापीपर्यंतची वाट लांबची असते.

ही वाट कशी चालावी, हे शेजारच्या बांगलादेशाकडून शिकावे. १९७० च्या नोव्हेंबरात तिथल्या किनाऱ्यावर आलेल्या वादळाने किमान तीन लाख बळी घेतले. मग १९७२ पासून गावोगावचेच स्वयंसेवक शिकवून तयार करण्यात आले. इशारा आला की ते निशाण चढवतात, कर्णा घेऊन दारोदार फिरतात आणि शेजाऱ्याला शेजाऱ्याच्याच बोलीत सांगतात, “उठा, निघा!” नुसत्या शिकवणीने भागत नाही, हेही त्यांना कळले, १९९१ साली निवारे अपुरे होते आणि पुन्हा लाखाहून अधिक माणसे गेली. पुढे निवारे वाढले, स्वयंसेवक वाढले, त्यांत बायकाही आल्या. २००७ च्या भयंकर वादळात बळींचा आकडा साडेतीन हजारांच्या आसपास राहिला. तोही थोडा नव्हे; पण लाखांपुढे ठेवून पाहा.

त्याच संध्याकाळी मी माझा तो लाडका शब्द खोडला आणि वर लिहिले, ‘आरपार धोंडा’. वीस वर्षांच्या अध्यापनात मी केलेली सर्वांत उपयोगी दुरुस्ती हीच असावी.

परवा अंगणात चिरंजीव दिवाळीचा किल्ला रचत होते. तट दोनदा ढासळला. मी शेजारचा एक लांब दगड उचलून दिला आणि म्हणालो, “हा आडवा घाल. आरपार.”

या खेपेस तट उभा राहिला. “बाबा, तुम्हांला हे कुणी शिकवलं?” त्याने विचारले.

“माझ्या गुरुजींनी,” मी म्हणालो.