चटईचा गुण

आमच्या धाकट्या बंधूंची नात येत्या जूनमध्यें अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेंत दाखल व्हावयाची आहे. हें वाक्य आम्ही अभिमानानें लिहीत आहों असें वाचकांनीं खुशाल समजावें. साठी उलटलेल्या माणसास एवढी मोकळीक असावी. परंतु या महिन्याचें आमचें लिखाण त्या अभिमानासाठीं नाहीं. मुलीनें एक लेख लिहिला, आणि त्यांतील एका शब्दावरून आमच्या घरांत आठ दिवस जो वाद चालला, त्याची हकीकत सांगावयाची आहे.

ती ज्या महाविद्यालयांतून अभियांत्रिकीची पदवीधर झाली, तेथील वार्षिकासाठीं तिच्याकडून लेख मागविण्यांत आला होता. विषय असा कीं, पदवीनंतरच्या चार वर्षांत आपण कसे घडलों, अपयश कसें पचविलें, आणि आतां व्यवस्थापनशास्त्राच्या दाराशीं उभें राहतांना मनांत काय आहे. लेख इंग्रजींत होता. आजोबांच्या, म्हणजे आमच्या बंधूंच्या, आग्रहावरून तिनें तो आम्हांस वाचावयास दिला. आमचें इंग्रजी जुन्या मॅट्रिकचें. तरी व्याकरणाच्या चुका काढण्यापुरतें अद्याप शाबूत आहे. चुका दोनच निघाल्या. मात्र 'रेझिलियन्स' हा शब्द दोन पानांत अकरा वेळां आलेला पाहून आमची लेखणी थबकली. आम्हीं विचारलें, "बाळ, याला आपल्या भाषेंत काय म्हणशील?" ती म्हणाली, "अण्णाआजोबा, त्याला मराठी शब्दच नाहीं."

शब्द नाहीं, हें ऐकून घेण्याची आमच्या घराला संवय नाहीं. रात्रीं पानें वाढल्यावर प्रश्न पंगतीभर फिरला. बंधु म्हणाले, "चिवटपणा." पुतण्या पदार्थविज्ञान शिकलेला, त्यानें 'स्थितिस्थापकत्व' सुचविलें. रबर ताणून सोडलें कीं पूर्ववत् होतें, तो गुण. सूनबाईंनीं 'उभारी' म्हटलें, व तो शब्द आम्हांसही गोड वाटला. भावजयबाई आमटी वाढीत होत्या. त्या म्हणाल्या, "आमच्या वेळीं याला सोसणें म्हणत, भाऊजी. आणि त्यावर लेख कोणी मागवीत नसे." यानंतर कांहीं वेळ पंगतींत फक्त वाटीपळीचा आवाज येत होता.

मूळ लॅटिन धातूचा अर्थ उसळून मागें येणें असा आहे; तेव्हां पुतण्याचा शब्द मुळाला सर्वांत जवळचा, हें मान्य केलें पाहिजे. पण तो शब्द निघतांच आम्हांस पाठशाळेंतले दिवस आठवले. ज्यांनीं अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह पाठ केला असेल त्यांस स्मरत असेल कीं, संस्कार नांवाचा गुण तेथें तीन प्रकारचा सांगितला आहे: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. वेगाचें येथें प्रयोजन नाहीं. स्थितिस्थापक म्हणजे भलत्या स्थितींत नेलेली वस्तु पूर्वस्थितींत आणणारा गुण; आणि त्याचें ठिकाण म्हणून ग्रंथकार चटईसारख्या पार्थिव वस्तूंकडे बोट दाखवितो. गुंडाळून ठेवलेली चटई जमिनीवर सपाट करा, हात काढतांच ती पुन्हां गुंडाळते. भावना मात्र अनुभवापासून उपजते, स्मृतीस कारण होते, आणि केवळ आत्म्याच्या ठिकाणीं राहते. म्हणजे चटईला अनुभव नाहीं. तिला दहा वेळां सपाट केली, तरी दहाव्या वेळीं ती पहिल्यासारखीच गुंडाळते.

हें आम्हीं जेवतां जेवतां सांगितलें तेव्हां सर्वांनीं मान हालविली. मुलीनें मात्र घांस खालीं ठेवला. ती म्हणाली, "अण्णाआजोबा, दुसऱ्या वर्षीं मी चटईच होतें." तिच्या या बोलण्याचा अर्थ कळण्यासाठीं त्या परीक्षेची थोडी माहिती द्यावी लागेल.

या संस्थांच्या प्रवेशासाठीं दरवर्षीं नोव्हेंबरांत 'कॅट' नांवाची परीक्षा होते. अलीकडे सुमारे तीन लाख उमेदवार तिच्यासाठीं नांवें नोंदवितात. सन २००९ पासून ती संगणकावर होते, आणि सन २०२० पासून तिचे दोन तास आहेत: भाषा, आकडेवारी व तर्क, आणि गणित असे तीन विभाग, प्रत्येकास चाळीस मिनिटें. एक विभाग संपला कीं मागें फिरतां येत नाहीं. पर्याय दिलेल्या प्रश्नाचें उत्तर बरोबर आलें तर तीन गुण मिळतात, चुकलें तर एक कापला जातो. प्रश्न सोडून दिला तर कांहींच होत नाहीं. निकालांत आपले गुण किती याहून आपल्या मागें शेंकडा किती राहिले, यालाच महत्त्व. पंचाण्णव म्हटलें तर आमच्या काळीं पेढे वांटले असते. येथें पंचाण्णव म्हणजे तीन लाखांत पंधरा हजार लोक आपल्या पुढें.

मुलगी लहानपणापासून पहिल्या वर्गांत येणारी. पुण्यास एका संगणक-कंपनींत नोकरी करून तिनें पहिल्या वर्षीं परीक्षा दिली, ती फसली. दुसऱ्या वर्षीं पहाटे चारला उठून अभ्यास केला, सुट्ट्या घेतल्या, सणवार सोडले, आणि निकाल जवळजवळ पूर्वीचाच आला. तो मार्गशीर्ष आम्हांस आठवतो. ती चार दिवस गच्चीवर बसून होती. जेवावयास खालीं येई, पण हातांतला घांस हातांतच राही. आम्ही वर गेलों व धीर देण्याच्या भरांत म्हणालों, "बाळ, एकही प्रश्न न सोडतां पुन्हां नेटानें बैस." तिनें मान हालविली. आम्ही समाधानानें जिना उतरलों.

आतां लेखाकडे येऊं. या सर्व काळाविषयीं लेखांत एकच वाक्य होतें. त्याचा आशय असा कीं, दोन अपयशांनंतरही मी उसळून उभी राहिलें व तिसऱ्या खेपेस यश मिळविलें. वाक्य निर्दोष होतें. पण तें वाचून तिच्यासारख्या दुसऱ्या मुलीस काय कळेल, हें आमच्या ध्यानांत येईना. म्हणून जेवण झाल्यावर आम्हीं तिला विचारलें, "तिसऱ्या वर्षीं नेमकें काय बदललें?" ती उठून आपल्या खोलींत गेली आणि एक जाड वही घेऊन आली.

ती तिची चुकांची वही होती. सरावासाठीं सोडविलेल्या प्रत्येक प्रश्नपत्रिकेंतील चुका तींत उतरविलेल्या. एका रकान्यांत प्रश्न, दुसऱ्यांत चूक, तिसऱ्यांत चुकीचें कारण. सगळें इंग्रजींत. पहिल्या कांहीं पानांवर कारणें अशीं कीं जीं कोणताही विद्यार्थी देईल: आकडेमोड चुकली, प्रश्न घाईनें वाचला, सूत्र आठवलें नाहीं. पुढें पुढें तिसऱ्या रकान्यांत एक मराठी शब्द दिसूं लागला, आणि मग तो पानोपानीं येऊं लागला. शब्द होता 'लाज'.

आम्हीं विचारलें, "ही कसली लाज?" ती थोडा वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, "प्रश्न सोडण्याची. तुम्हींच आम्हांला शिकविलें आहे ना, कीं प्रश्न कोरा सोडणें ही विद्यार्थ्याला लाजिरवाणी गोष्ट आहे? एखादा प्रश्न सुटत नाहीं हें दुसऱ्या मिनिटालाच कळे. पण सोडवत नसे. मग त्यांत सात-आठ मिनिटें जात, आणि पुढचे सोपे तीन प्रश्न बघायलाच मिळत नसत."

आम्हीं अठ्ठावीस वर्षें शाळेंत शिकविलें. आमच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक मुलास आम्हीं हेंच सांगितलें कीं, येत असो वा नसो, कांहींतरी लिहून या; कोऱ्या कागदाला शून्य, लिहिलेल्या कागदाला निदान दोन गुण. शालान्त परीक्षेपुरता तो उपदेश खोटा नव्हता. परंतु या परीक्षेचें गणित मुलीनें आम्हांस पाटीवर करून दाखविलें. चार पर्यायांचे चार प्रश्न डोळे मिटून ठोकून दिले, तर सरासरीनें एक बरोबर येणार आणि तीन चुकणार. तीन मिळाले, तीन गेले, हातीं शून्य. वर वेळ गेला तो निराळाच. एवढा सोपा हिशेब आम्हांस त्रैराशिक शिकवितांना एकदांही सुचूं नये, याचें आश्चर्य वाटतें.

म्हणजे दुसऱ्या वर्षींची तिची सारी पहाटेची मेहनत ही चटईची मेहनत होती. अपयशानें सपाट झाल्यावर ती पुन्हां पूर्वस्थितीस आली, आणि पूर्वस्थितींत तर चूक होतीच. तीही बरोबर परत आली. ज्याला आज सर्वत्र गुण म्हणून गौरवितात, त्यानेंच तिचें एक वर्ष खाल्लें. तिसऱ्या वर्षीं ती पूर्ववत् झाली नाहीं. तिनें अभ्यासाचे तास उलट कमी केले, वही ठेवली, आणि प्रश्नावरून हात उचलण्याचा सराव केला. पहिले कांहीं आठवडे प्रश्न सोडतांना छातींत धडधडे, असें ती म्हणाली. यावर हंसण्याचें धाडस आम्हांस झालें नाहीं.

"मग हें लेखांत कां नाहीं?" आम्हीं विचारलें. ती म्हणाली, "तुमचें नांव कशाला घालायचें?"

त्या रात्रीं आम्हांस उशिरां झोंप लागली. दुसऱ्या दिवशीं संध्या करतांना आणखी एक गोष्ट सुचली, ती वाचकांस सांगण्याचा मोह आवरत नाहीं. अहमदाबादची संस्था सन १९६१ मध्यें विक्रम साराभाई प्रभृतींच्या प्रयत्नानें निघाली. अमेरिकेंतील हार्वर्डच्या व्यापारविद्यालयाचें तिला प्रारंभीं साहाय्य होतें. असें असूनही तिचें बोधवाक्य संस्कृत आहे: 'विद्याविनियोगाद्विकासः'. आतां विनियोग हा शब्द आपल्या घरांत कोणास नवा नाहीं. मंत्रापूर्वीं ऋषि, देवता व छंद यांचा उच्चार करून 'विनियोगः' म्हणत आपण पळीभर पाणी ताम्हनांत सोडतों. मंत्र पाठ असणें निराळें, आणि कोणत्या कर्मांत कोणता मंत्र योजावा व कोणता योजूं नये हें ठाऊक असणें निराळें. आम्हीं मुलांस विद्या दिली. विनियोगाचा विचार, खरें सांगावयाचें तर, फारसा केला नाहीं.

तेथील शिक्षणाची रीतही अशीच आहे. हार्वर्डमध्यें रूढ झालेली आणि अहमदाबादेस पहिल्यापासून स्वीकारलेली ही पद्धति प्रकरणांची म्हणतात. एखाद्या खऱ्या कारखान्यापुढें किंवा पेढीपुढें उभा राहिलेला पेंच कांहीं पानांत मांडून विद्यार्थ्यांस देतात. माहिती कोठें अपुरी, कोठें अनावश्यक. पुस्तकाच्या शेवटीं उत्तर छापलेलें नसतें. आदल्या रात्रीं वाचावयाचें, आणि दुसऱ्या दिवशीं भरल्या वर्गासमोर आपला निर्णय सांगून तो सहाध्यायांच्या माऱ्यापुढें टिकवावयाचा. आपल्या वादसभांत पूर्वपक्ष करणारास जो घाम फुटे, तोच हा. ज्या मुलास उभ्या जन्मांत चूक म्हणून ठाऊक नाहीं, त्याचे तेथें पहिले महिने फार कठीण जात असले पाहिजेत. मुलीची वही पाहिल्यापासून त्या बाबतींत आम्हांस तिची काळजी कमी वाटते.

याच संस्थेचे पहिले पूर्णवेळ संचालक रवि मथाई सन १९६५ मध्यें त्या पदावर आले. संस्था नांवारूपास आली असतांना, सन १९७२ मध्यें, त्यांनीं आपण होऊन पद सोडलें, आणि त्याच संस्थेंत प्राध्यापक म्हणून राहिले. पुढें राजस्थानांतील जवाजा भागांत विणकर व चर्मकार मंडळींत जाऊन त्यांनीं काम केलें. मुलीस हें ठाऊक नव्हतें. आम्हीं सांगितलें तेव्हां ती म्हणाली, "म्हणजे त्यांनासुद्धां सोडतां येत होतें." हें तिचें भाष्य तर्कशुद्ध आहे कीं नाहीं, याचा निर्णय आम्ही अद्याप केलेला नाहीं.

लेख तिनें पुन्हां लिहिला. 'रेझिलियन्स' आतां तींत एकदांच आहे, आणि तोही पुतण्याच्या स्थितिस्थापकत्वाची हकीकत सांगतांना. गच्चीवरचे चार दिवस आले, वहीचा तिसरा रकाना आला, आणि 'लाज' हा शब्द तिनें इंग्रजी लेखांत मराठींतच ठेवला. एका वृद्ध शिक्षकाच्या उपदेशाचाही उल्लेख आहे. शिक्षकाचें नांव घालावें असें आम्हीं सुचविलें होतें, पण तिनें ऐकलें नाहीं. केवळ "ज्यांनीं मला वाचावयास शिकविलें, त्यांनींच" असें लिहिलें. भावजयबाईंनीं लेखाचा मराठी अर्थ सांगून घेतला आणि विचारलें, "सोसण्याचें काय केलेंस?" तेव्हां मुलगी म्हणाली, "आजी, त्यावर निराळा लेख लिहीन. तुला विचारून." भावजयबाई "लिही हो," म्हणाल्या आणि भाजी निवडूं लागल्या, पण त्या दिवसापासून दुपारीं दोघींचें माजघरांत बरेंच बोलणें चालतें असें दिसतें.

सामानाची बांधाबांध सुरू झाली आहे. वही पेटींत सर्वांत वर ठेवली आहे. काल सायंकाळीं आमचा सातवींतला पणतू-पुतण्या घटक चाचणीचा कागद घेऊन आमच्यापुढें बसला, आणि न येणाऱ्या प्रश्नाचें काय करूं म्हणून विचारूं लागला. उत्तर जिभेवर तयारच होतें. तें गिळून आम्ही म्हणालों, "आधीं चुकीला गुण कापतात कीं नाहीं तें पाहून ये." स्वयंपाकघरांतून कोणी तरी मोठ्यानें हंसलें.