नगरची मगर आणि रक्तातलं अक्षर

आमच्या शिर्डीकडच्या कुठल्याही पोराला 'नगर' लिहायला सांगा. आता 'न' पुसून 'म' लिहा. झाली जिल्ह्याची मगर! डीएनए समजायला एवढा खेळ पुरतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

डीएनएची मुळाक्षरं चारच: ॲडेनीन, थायमीन, ग्वानीन, सायटोसीन. 'अ'समोर 'थ', 'ग'समोर 'स', ही जोडी ठरलेली. तीन अक्षरांचा एक शब्द. असे 64 शब्द होतात आणि त्यातले बहुतेक एकेका अमिनो आम्लाचा निरोप देतात. आम्लांची माळ गुंफली की प्रथिन तयार. हे शब्द उलगडणाऱ्यांत आपले हरगोविंद खुराना होते, 1968 चं नोबेल त्यासाठीच.

आता नंदुरबार, गडचिरोलीकडे बघा. तिथल्या आदिवासी पाड्यांवर सिकलसेल आहे. हिमोग्लोबिनच्या निरोपात 'गअग'चं 'गथग' झालं, ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन आलं. मग ऑक्सिजन कमी पडला की गोल तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. केवढा त्रास, आणि चूक एका अक्षराची!

शिर्डीला हे लांबचं वाटेल. पण माणसं पोटासाठी गावं बदलतात, अक्षरं सोबत घेऊनच. म्हणून हा धडा 'मोठ्या वर्गाचा' म्हणून टाळू नका. मूल आजारी निघालं की सुनेला बोल लावतात. प्रत्यक्षात बदललेलं अक्षर आई-वडील दोघांकडून आलं, तरच हा आजार होतो. एकाकडून आलं तर मूल वाहक, सहसा ठणठणीत. दोघंही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात 25 टक्के धोका. साध्या रक्ततपासणीत कळतं हे. लग्नाआधी पत्रिका बघताच ना? मग सिकलसेलच्या भागात रक्ताचा रिपोर्टही बघा.