खिडकी आणि तक्ता

कादंबरीतील उताऱ्याचे रसग्रहण म्हणजे इंद्रियसंवेदनांची शिरगणती, असा समज आपल्या वर्गांतून आणि मार्गदर्शिकांतून दृढ झाला आहे. दृश्य, नाद, गंध, रस, स्पर्श असे पाच रकाने आखावेत, उताऱ्यातील शब्द त्यांत वाटून द्यावेत आणि तळाशी 'वातावरण उदास' किंवा 'वातावरण प्रसन्न' असा शेरा मारावा, की समीक्षा संपली. ही पद्धत केवळ अपुरी आहे असे नव्हे; ती वाचकाला चुकीचे वाचायला शिकवते, असे माझे म्हणणे आहे.

उदाहरणादाखल रायपूरच्या विनोदकुमार शुक्ल यांची 'दीवार में एक खिड़की रहती थी' ही कादंबरी घेऊ. ती १९९७ साली प्रसिद्ध झाली आणि १९९९ साली साहित्य अकादेमी पुरस्काराची मानकरी ठरली. गणिताचा तरुण प्राध्यापक रघुवर प्रसाद आणि त्याची पत्नी सोनसी यांचा संसार भाड्याच्या एका खोलीत चालतो. खोलीच्या खिडकीतून दोघे पलीकडे उतरतात. तेथे सारवलेली पायवाट आहे, तळे आहे, चहा देणारी म्हातारी आहे. तक्तेवाला तत्काळ कामाला लागेल : तळे दृश्यात, सारवण गंधात, चहा रसात. शेरा : प्रसन्न.

पण या तक्त्यात खिडकीपलीकडचे सारे आले, खोली मात्र आली नाही. खोलीच्या संकोचाविना तळ्याचा विस्तार हे कॅलेंडरावरचे चित्र होय. विभाव, अनुभाव व व्यभिचारिभाव यांच्या संयोगातून रस निष्पन्न होतो, असे भरताने सांगितले. नुसत्या मोजदादीतून होतो, असे नव्हे. मर्ढेकरांनी लयतत्त्व मांडताना संवादाबरोबर विरोधाचाही विचार केला. येथील आनंद त्या विरोधातून जन्मतो. शीर्षकातील क्रियापदही पाहावे. भिंतीत खिडकी असते. राहतात ती माणसे. हिंदीत 'रहती थी' ही सवयीची साधी वाक्यरचना खरी, परंतु तीत वास्तव्याची छटा आहे आणि भूतकाळाचीही. प्रसन्नतेवर पडलेली ही हलकी सावली कोणत्या रकान्यात लिहावी? 'जादुई वास्तववाद' हे आयते लेबल लावणारेही तिला असेच चुकवतात.

आता रायपूरलगतच्या उरला या औद्योगिक वसाहतीतील वाचकाची कल्पना करा. कादंबरी उरल्याविषयी नाही. परंतु स्पंज आयर्न व रोलिंग मिलच्या त्या परिसरात गच्चीवर आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसते. खिडकी उघडण्याआधी तेथे माणसाला विचार करावा लागतो. त्या वाचकाला सारवलेल्या वाटेचा गंध केवळ 'गंधप्रतिमा' म्हणून भेटणार नाही. आपल्याला काय नाकारले गेले आहे, हे त्याला त्या गंधातून कळेल. त्याने उत्तरपत्रिकेत 'अस्वस्थ' असे लिहिले, तर तक्ता त्याचे गुण कापील. आणि सर्वांत जवळून वाचणाराच नापास ठरेल.

नवशिक्याला शिडी लागते, असा आक्षेप येईल. तो मला मान्य आहे. संवेदना ओळखण्यापासून आरंभ जरूर करावा. तथापि शिडीच्या पहिल्याच पायरीवर विद्यार्थ्याला पदवी देऊन परत पाठवणे हे शिक्षण नव्हे. संवेदना ओळखल्यावर खरे प्रश्न सुरू होतात : ही संवेदना कोणाची? तिच्या शेजारी काय ठेवले आहे? काय वगळले आहे? वाक्य कोणत्या काळात उभे आहे? या प्रश्नांची उत्तरे एका विशेषणात मावत नाहीत, म्हणून ती तपासणे कठीण जाते. आपली पद्धत तपासनिसाच्या सोयीसाठी जन्मली, वाङ्मयाच्या आकलनासाठी नव्हे, हे आता तरी उघडपणे मान्य करावे.

भाववृत्ती ही उताऱ्याच्या तळाशी मारायची मोहोर नव्हे. शब्दाशब्दांतील संबंधांतून ती सिद्ध होते आणि वाचकाच्या स्वतःच्या इंद्रियांनिशी पूर्ण होते. ती इंद्रिये वर्गाबाहेर ठेवून या, असे विद्यार्थ्याला सांगणारी समीक्षा प्रथम बाद केली पाहिजे.