लेकीच्या नावावर



डिसेंबरातली गटाची बैठक मी चुकवली. इतक्या वर्षांत असं फारसं घडलेलं नाही, त्यामुळे दुपारी तिघी-चौघींचे फोन आले. तब्येत बरी आहे ना, सासूबाईंचं काही झालं का? म्हटलं, सगळं उत्तम आहे, फक्त जिना उतरता येत नाहीये. त्या सकाळी मी आणि माझी लेक एकवीस किलोमीटर धावून आलो होतो. एकजण हसली. एक म्हणाली, "कमाल आहे बाई तुझी, अठ्ठावन्नाव्या वर्षी!" तिसरीनं विचारलं, "लेकीसाठी केलंस ना?" मी पटकन हो म्हणून गेले. ते 'हो' त्या दिवसापासून मला टोचतं आहे, म्हणून या वेळी त्याबद्दलच लिहिते.

आधी 'लेकीसाठी' म्हणजे काय ते सांगते. पूर्ण मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची असते. मुंबईत जानेवारीत जी मोठी मॅरेथॉन होते, तिची तयारी माझी लेक करत होती. ही तयारी चार-पाच महिने चालते. आठवड्यात तीनेक दिवस थोडं थोडं धावायचं आणि रविवारी लांब. ते लांबचं अंतर वाढवत तीस-बत्तीस किलोमीटरपर्यंत न्यायचं आणि शर्यतीच्या आधी दोन-तीन आठवडे पुन्हा कमी करायचं. गंमत म्हणजे हे रविवारचं धावणं मुद्दाम सावकाश करायचं असतं. शेजारच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता यावं, इतकं सावकाश. त्यानं दम वाढतो, शरीर साठवलेली चरबी वापरायला शिकतं, तीन-तीन तास पायांवर राहायची सवय होते. वाटेत काय खायचं, किती पाणी प्यायचं याचीही तालीम होते. पण तरुण पोरांना छातीवर नंबर लागला की सावकाश धावणं जमत नाही. ती सुसाट सुटतात आणि पुढचा आठवडा लंगडतात. लेकीनं आपल्या वेळापत्रकात डिसेंबरातली अर्धमॅरेथॉन 'फक्त सराव' म्हणून लिहिली होती. एप्रिलमध्येच ती मला म्हणाली, "आई, तू चल. तू बरोबर असलीस की मी आपोआप हळू धावेन."

मला मनातून फार आनंद झाला. घरात मात्र मी तो तसा सांगितला नाही. सांगितलं ते असं: "पहाटे अंधारात पोर एकटी कशी धावणार? सोबत नको का कुणाची?" हे कारण घरात कुणालाच खोडता आलं नाही. सासूबाईंनी मान डोलावली, नवऱ्यानं स्वतः गजर लावून दिला. स्त्रियांच्या स्वतःच्या वेळेबद्दल शिबिरांमधून तीस वर्षं बोलत आलेली मी, मला स्वतःला पहाटेचा एक तास हवा होता तेव्हा तो लेकीच्या नावावर काढून आले.

बायकांचं धावणं आणि घरातून मिळणारी परवानगी यांचं नातं जुनं आहे. १९२८ साली अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये स्त्रिया पहिल्यांदा ८०० मीटर धावल्या. हे त्यांच्या शरीराला झेपत नाही अशी ओरड झाली आणि ती शर्यत १९६० पर्यंत परत आली नाही. १९६६ साली बॉबी गिब या अमेरिकन तरुणीनं बॉस्टन मॅरेथॉनसाठी अर्ज मागवला, तर स्त्रियांना शरीरधर्मानुसार इतकं अंतर शक्यच नाही असं उत्तर आलं. ती कॅलिफोर्नियाहून कित्येक दिवसांचा बसप्रवास करून आईवडिलांच्या घरी पोचली. वडिलांना वाटलं, हिचं डोकं फिरलंय. आईनं तिला गाडीत घातलं आणि शर्यत सुरू होते तिथे नेऊन सोडलं. भावाची चड्डी आणि डोक्यावर टोपी येणारा सदरा घालून ती झुडपात लपली, पुरुष धावू लागल्यावर त्यांच्यात घुसली आणि ३ तास २१ मिनिटांत पोचली. बॉस्टनमध्ये स्त्रियांना रीतसर प्रवेश १९७२ साली मिळाला आणि ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन यायला १९८४ उजाडलं. हे मी गटात सांगते तेव्हा सगळ्या जणी बॉबीबद्दल विचारतात. मला हल्ली तिच्या आईबद्दल विचारावंसं वाटतं. लेकीला सोडून ती बाई गाडी घेऊन घरी परतली असेल, तेव्हा तिला स्वतःला कधी पळावंसं वाटलं असेल का?

आपल्याकडचं उदाहरण तुम्हाला ठाऊकच आहे. २०१४ साली बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये साठी ओलांडलेल्या लता भगवान करे नऊवारीत, अनवाणी धावल्या आणि ज्येष्ठांच्या तीन किलोमीटरच्या गटात पहिल्या आल्या. नवऱ्याच्या तपासण्यांसाठी त्यांना बक्षिसाच्या पैशांची गरज होती. पुढे त्यांच्यावर चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केलं. त्यांच्या हिमतीपुढे आपण काय बोलणार! पण तेव्हाचं कौतुक आठवून बघा. 'नवऱ्यासाठी धावली' हे त्या कौतुकाचं मुख्य वाक्य होतं. गरीब माणसाला साध्या तपासणीसाठी शर्यत जिंकावी का लागते, हा प्रश्न त्या कौतुकात कुणी फारसा विचारला नाही. आणि तीच बाई नुसती 'मला आवडतं' म्हणून रोज माळावर धावली असती, तर गावानं काय म्हटलं असतं?

तर माझा तास. सरकारच्या २०१९च्या वेळ-वापर पाहणीत दिसलं होतं की घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ९७. २०२४च्या पाहणीत बायकांचा आकडा २८९ वर आला. पाच वर्षांत दहा मिनिटं! आमच्या घरात एका तासाची उलथापालथ आठ महिन्यांत झाली, पण ती सरळ झाली नाही. सासूबाई चौऱ्याऐंशीच्या, त्यांचं सकाळी सातचं इन्शुलिन मीच देत असे. ते नवऱ्यानं शिकून घेतलं, दोन आठवडे हात थरथरले, मग जमलं. पोळ्यांचं मात्र वेगळंच झालं. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताईंना मी विचारलं, आठऐवजी साडेसहाला याल का? त्या हो म्हणाल्या. पंधरा-वीस दिवसांनी सहज बोलताना कळलं की त्यांच्या घरची सकाळ आता त्यांची नववीतली मुलगी सांभाळते, धाकट्याचा डबा करते, पाणी भरते आणि शाळेचा पहिला तास चुकवते. मी घाम पुसत उभी होते, तशीच खाली बसले. माझ्या मोकळेपणाचं बिल एक चौदा वर्षांची पोर भरत होती. ताई पुन्हा आठला येऊ लागल्या, पगार वाढवला तो तेवढाच ठेवला. डब्यात आता तीन दिवस भात असतो, दोन दिवस नवऱ्याच्या हातची थालीपिठं. ती जाड असतात.

शरीराबद्दलही बोललं पाहिजे, कारण धावण्याच्या पुस्तकांत ते अर्ध्या ओळीत उरकलेलं असतं. धावायला लागल्यावर तिसऱ्याच दिवशी मला कळलं की प्रत्येक उडीला थोडी लघवी सुटते. दोन बाळंतपणं झालेल्या, पाळी थांबलेल्या कितीजणींना हा त्रास आहे, आणि कितीजणी त्यापायी बाहेर चालणंसुद्धा सोडतात! लेकीपाशी हे बोलायला मला महिना लागला. ती मला फिजिओथेरपिस्टकडे घेऊन गेली. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम असतात, ते नेमानं केले की पुष्कळ फरक पडतो, आणि मला पडला. दुसरं म्हणजे आधी रक्त तपासून घ्या. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. दम लागतो तो वयाचा की हिमोग्लोबिनचा, हे न बघता धावू नका. मी चार मिनिटं धावायचे आणि एक मिनिट चालायचे. ही पद्धत १९७२च्या ऑलिंपिकमध्ये धावलेल्या जेफ गॅलोवे यांनी रूढ केली. मोठ्या माणसानं सांगितली आहे म्हटल्यावर चालण्याची लाज वाटेनाशी झाली, हाही एक विनोदच.

शर्यतीच्या आदल्या दिवशी नंबर आणायला गेलो. अर्जात 'अडचणीत कुणाला कळवावे' असा रकाना होता. मी लेकीचं नाव लिहिलं. टेबलावरचा मुलगा म्हणाला, "मावशी, त्या तर तुमच्याबरोबरच धावणार. घरच्या माणसाचं लिहा ना, काकांचं." लेक हसायला लागली. मी आपल्या गटातल्या एकीचं नाव घातलं. मिळालेला टी-शर्ट गुडघ्यापर्यंत आला, बायकांच्या मापाचे शिल्लक नव्हते. सकाळी स्त्रियांच्या स्वच्छतागृहापुढची रांग इतकी लांब होती की आम्ही सुरुवातीच्या रेषेवर शेवटच्या पोचलो.

पहिले दहा किलोमीटर गप्पांत गेले. तिच्या ऑफिसातलं राजकारण, माझ्या सासूबाईंचं, तिच्या आजीचं, वाढतं विसरणं. पंधराव्या किलोमीटरला माझी डावी मांडी धरली आणि मी तिला म्हटलं, "तू हो पुढे. माझ्यामुळे तुझा सराव वाया जातोय." ती थांबलीच. म्हणाली, "माझ्या तक्त्यात आज तीन तास लिहिलेत, ते मी करतेय. पण आई, तू घरात सगळ्यांना सांगतेस की हे माझ्यासाठी चाललंय. पाहुण्यांनासुद्धा सांगतेस. उद्या मी नोकरीसाठी बाहेरगावी गेले, की तू बंद करणार का? माझ्या नावावर किती दिवस खपवणार आहेस?" मला राग आला. पुढचे दोन किलोमीटर आम्ही बोललो नाही. तिला सोबत म्हणून आठ महिने पहाटे साडेचारला मी उठले, आणि वर हे ऐकायचं? पण धावताना रागही फार वेळ टिकत नाही, पुरत नाही दम त्याला. ती खरं बोलत होती. शिबिरात हाच प्रश्न मी दुसऱ्या बायांना विचारला असता, जरा सौम्य शब्दांत.

तीन तास दोन मिनिटं लागली. शेवटच्या कमानीजवळ ध्वनिक्षेपकावरचा माणूस ओरडत होता, "बघा, बघा, आईचं प्रेम! लेकीसाठी धावतेय माउली!" मी त्याच्याजवळ जाऊन सांगणार होते, पण पाय वळले नाहीत.

घरी मात्र सांगितलं. लेक मुंबईहून आली की थोडे दिवस विश्रांती घेईल, मी थांबणार नाही, मला धावायला आवडतं म्हणून मी जाणार. सासूबाई म्हणाल्या, "मग इतके दिवस काय आवडत नव्हतं?" नवरा काही बोलला नाही. गजर आता माझा मीच लावते.

सध्या गटातल्या आणखी चौघी येतात. जवळच्या सार्वजनिक मैदानाचं फाटक सहाला उघडतं असं पाटीवर लिहिलंय, पण क्रिकेटवाल्या पुरुषांसाठी ते साडेपाचला उघडलेलं आम्ही रोज बघतो. बायकांच्या स्वच्छतागृहाला कुलूप असतं आणि किल्ली रखवालदाराकडे नसते. दोन अर्ज दिले, उत्तर नाही. तिसरा या आठवड्यात देतो आहोत, त्यावर त्रेचाळीस सह्या झाल्या आहेत आणि पोळीवाल्या ताईंची सही सगळ्यात वर आहे. तुमच्या गावात मैदानाचं फाटक कधी उघडतं आणि ती किल्ली कुणाकडे असते, ते जरूर कळवा. पुढच्या अंकात छापू.