सात-एकच्या बाजूने

२०२३ची कोजागरी. रात्रीचे साडेबारा वाजून गेले होते, बाहेर चंद्राला ग्रहण लागायची वेळ होत आली होती आणि टीव्हीवर पॅरिसच्या ओल्या मैदानात रग्बी विश्वचषकाचा अंतिम सामना सुरू झाला होता. दक्षिण आफ्रिका विरुद्ध न्यूझीलंड. पहिली पाच मिनिटंही झाली नव्हती, तोच आफ्रिकेचा हुकर (पुढच्या फळीतला मधला गडी) बोंगी म्बोनाम्बी गुडघ्याला मार लागून बाहेर गेला. संघात दुसरा खास हुकर नव्हता. राखीव बाकावर आठ जण होते. त्यांतले सात फॉरवर्ड, एकच बॅक. शेजारी बसलेला मित्र म्हणाला, "बघ, तरी म्हणत होतो. ही निवडच चुकलीय."

त्या दिवसापासून हा वाद मी अनेकदा घातला आहे. माझं म्हणणं असं आहे की ती निवड चुकली नव्हती, आणि तिच्यावर जे आक्षेप घेतले जातात ते संघनिवडीकडे चुकीच्या जागेवरून पाहिल्यामुळे घेतले जातात.

आधी प्रकरण काय ते सांगतो. रग्बी युनियनमध्ये मैदानावर पंधरा जण असतात: आठ फॉरवर्ड, सात बॅक. स्क्रममध्ये खांदे भिडवून रेटा देणारे ते फॉरवर्ड. चेंडू घेऊन पळणारे, लाथाडणारे ते बॅक. बाकावर आठ बदली खेळाडू. त्यांत स्क्रमची पुढची फळी सांभाळू शकणारे तिघे असलेच पाहिजेत, असा नियम आहे. उरलेले पाच कोण, हे प्रशिक्षकाने ठरवायचं. रूढ वाटणी पाच फॉरवर्ड, तीन बॅक अशी. २०१९चा विश्वचषक दक्षिण आफ्रिकेने सहा-दोनच्या बळावर जिंकला. त्या बाकाला 'बॉम्ब स्क्वॉड' हे नाव पडलं. ऑगस्ट २०२३मध्ये ट्विकनमला सात-एक घेऊन त्यांनी न्यूझीलंडला ३५-७ असं हरवलं, आणि वादाला तोंड फुटलं.

पहिला आक्षेप सुरक्षिततेचा. दमलेल्या माणसांवर ताज्या दमाचे सात धिप्पाड गडी सोडणं धोक्याचं आहे, असं म्हणतात. काळजी खरी आहे आणि मी ती हलक्यात घेत नाही. पण पाच-तीनमध्येही पाच ताजे फॉरवर्ड उतरतातच, आणि पुढच्या फळीचे तिघे बदलता यावेत हा नियम सुरक्षिततेसाठीच आहे, कारण स्क्रममध्ये नवख्याची मान मोडू शकते. म्हणजे सगळा धोका वाढीव दोघांच्या माथी मारायचा. ताज्या खेळाडूंचा धोका वाटत असेल तर बदली खेळाडूच कमी करा, आठाचे पाच करा आणि सगळ्या संघांना तोच नियम लावा. त्यावर चर्चा व्हायला हवी. पण आठही जणांना मुभा द्यायची आणि ती एकाने पुरेपूर वापरली की त्यालाच दोषी धरायचं, हा न्याय नव्हे.

दुसरा आक्षेप खेळाच्या आत्म्याचा. रग्बी म्हणजे ऐंशी मिनिटांची कसोटी. फॉरवर्ड दमतात, फटी पडतात, त्यातून बॅक निसटतात, आणि सात-एक ही गंमत मारून टाकतं, असं सांगितलं जातं. आता इतिहास पाहा. १९६८पर्यंत आंतरराष्ट्रीय रग्बीत जखमी माणसाच्या जागीही कुणी येत नव्हतं. डावपेच म्हणून खेळाडू बदलायला परवानगी मिळाली ती खेळ व्यावसायिक झाल्यानंतर, १९९६मध्ये. तेव्हा आत्मा बदललाच असेल तर तो त्या वेळी बदलला, आफ्रिकेचे रग्बी संचालक इरॅस्मस यांच्या बाकामुळे नव्हे.

या आक्षेपाच्या पोटात आणखी एक समजूत दडलेली आहे: पळणं म्हणजे कौशल्य, रेटणं म्हणजे नुसती ताकद. ही समजूत मला मान्य नाही. २०२३च्या उपांत्य सामन्यात इंग्लंड १५-१३ असं पुढे होतं, शेवटची तीन-चार मिनिटं उरली होती. बाकावरून आलेला आफ्रिकेचा ऑक्स न्चे स्क्रममध्ये खाली वाकला. पाठ सपाट, पकड घट्ट, पाय छोट्या छोट्या पावलांनी पुढे. समोरची फळी ढासळली आणि पंचांनी पेनल्टी दिली. मध्यरेषेजवळून हांद्रे पोलार्डने ती मारली, १६-१५. त्या तीन गुणांमागे न्चेच्या खांद्याचा जो कोन होता तो वर्षानुवर्षांच्या सरावाने येतो. त्याला ताकद म्हणून मोडीत काढणाऱ्याने स्क्रम नीट पाहिलेला नाही.

शिवाय त्या उपांत्य सामन्यात आफ्रिकेचा बाक पाच-तीन होता. पुढच्याच आठवड्यात अंतिम सामन्याला सात-एक. सात-एक हा हट्ट असता तर तो दर सामन्याला दिसला असता. समोर कोण आहे, आपल्याकडे काय आहे, हे पाहून आकडा बदलत होता.

तिसरा आक्षेप जुगाराचा, आणि सर्वांत वजनदार. एक बॅक जखमी झाला तर एक माणूस आहे; दुसरा झाला तर? सात-एक घेऊनच आफ्रिका साखळीत आयर्लंडकडून १३-८ने हरली, हेही विरोधक सांगतात. इथे मी एक गोष्ट मान्य करतो. त्या सामन्यात मानी लिबॉक आणि फाफ डी क्लर्क यांच्या लाथा चुकल्या, आणि बाकावर एकच बॅक असल्याने भरवशाचा आणखी एक लाथ मारणारा ठेवायला जागाच नव्हती. सात-एकची ही खरी किंमत आहे.

पण प्रत्येक निवडीला किंमत असते. ती ओळखून दुसरीकडून भरून काढली का, एवढंच विचारायचं. मॅल्कम मार्क्स हा हुकर जखमी होऊन घरी गेला तेव्हा त्याच्या जागी त्यांनी फ्लायहाफ पोलार्डला बोलावलं. फॉरवर्डच्या जागी बॅक! टीका होणारच होती. पण अंतिम सामन्यात संघाचे बाराच्या बारा गुण पोलार्डच्या चार पेनल्टींचे होते. हुकरची जागाही वाऱ्यावर सोडली नव्हती. डिऑन फुरी फ्लँकर म्हणून खेळत असला तरी हुकरची जागा त्याला जुनी ओळखीची. टोंगाविरुद्ध त्याला सुरुवातीपासून त्याच जागी उतरवून आधीच तपासून घेतलं होतं. क्वागा स्मिथ फॉरवर्ड खरा, पण सातजणांच्या रग्बीत २०१६च्या रिओ ऑलिंपिकचं कांस्य मिळवून आलेला, पायांत बॅकचा वेग असलेला. म्हणजे बाकावर नावं आठ असली तरी जागा त्याहून जास्त झाकलेल्या होत्या.

हे एकट्या आफ्रिकेचंच नाही. मार्च २०२५मध्ये फ्रान्स सात-एक घेऊन डब्लिनला गेला. पहिल्या अर्ध्या तासातच आंत्वान द्युपाँ, जगातला सर्वोत्तम स्क्रमहाफ, गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर. एकुलता बदली बॅक माक्सिम ल्युकू उतरला. मग पिएर-लुई बारासीही गेला, तेव्हा ऑस्कर जेगू हा फ्लँकर, म्हणजे फॉरवर्ड, सेंटर या बॅकच्या जागी उभा राहिला. विरोधक ज्या संकटाची भीती घालतात ते हुबेहूब घडलं. फ्रान्स ४२-२७ने जिंकला.

आपण क्रिकेटवाले निवडीचा वाद नावांवर घालतो: हा का घेतला, तो का वगळला. गुणानुक्रमे पहिली तेवीस नावं लिहिली की संघ झाला, असं आपल्याला वाटतं. रग्बीने मला शिकवलं की निवड म्हणजे गुणवत्ता यादी नव्हे. कुठे अडचण येऊ शकते, ती आली तर कोण कुठे सरकेल, याचं उत्तर आधीच देऊन ठेवणं म्हणजे निवड. ते उत्तर तयार नसेल तर पाच-तीनही जुगारच.

त्या रात्री म्बोनाम्बीच्या जागी फुरी आत आला. वय ३७. देशासाठी पहिला कसोटी सामना त्याला मिळाला तोच मुळी ३५व्या वर्षी. लाइनआउटमध्ये त्याच्या काही फेकी फसल्या, हे खरं. पण तो शेवटच्या शिटीपर्यंत उभा राहिला आणि आफ्रिका १२-११ने जिंकली. अवघ्या एका गुणाने जिंकलेला सामना निवड अचूक होती असं सिद्ध करत नाही, हे मला कळतं. पण "म्बोनाम्बी पडला तर?" या प्रश्नाला त्यांच्याकडे माणूस तयार होता, आणि तो पाचव्या मिनिटाच्या आत मैदानात होता.