काटकसर कोठून सुरू करावी?

महिन्याची वीस तारीख उलटली की रायपूरच्या डब्ल्यू. आर. एस. वसाहतीत काय किंवा पोस्टाच्या क्वार्टर्समध्ये काय, घराघरांतून एकच विषय निघतो : पगार पुरत नाही. त्यावर सल्लाही एकच मिळतो. खर्च कमी करा, बचत करा. वर्तमानपत्रे हेच सांगतात, बँका हेच सांगतात आणि वेळ आली की सरकारही हेच सांगते. सल्ला चुकीचा नाही. परंतु काटकसर कोणत्या खर्चात करावयाची आणि वाचलेला पैसा कोणाच्या हाती राहावयाचा, हे दोन प्रश्न त्या सल्ल्यात कधी येत नाहीत. कामगाराने ते विचारलेच पाहिजेत.

सरकारने शिकविलेल्या काटकसरीचा अनुभव आपल्याला आहे. १९७४ च्या मे महिन्यात रेल्वे कामगारांनी महागाई भत्ता, बोनस व वेतनवाढीसाठी वीस दिवसांचा देशव्यापी संप केला. तो दडपला गेला आणि जुलै महिन्यात वटहुकूम निघाला. वाढीव महागाई भत्त्यापैकी निम्मी रक्कम सक्तीने ठेव म्हणून कापून घेण्यात आली. कामगाराच्या हाती पैसा खेळला तर महागाई वाढते, असा त्यामागचा युक्तिवाद होता. तो पैसा पुढे हप्त्याहप्त्याने परत मिळाला. पण दरम्यान किराणा उधारीवरच आणावा लागला. २०२० साली कोरोनाच्या काळात महागाई भत्त्याचे तीन हप्ते गोठविले गेले. १ जुलै २०२१ पासून भत्ता पुन्हा सुरू झाला, परंतु मधल्या अठरा महिन्यांची थकबाकी दिली गेली नाही. तेव्हा ‘बचत’ हा शब्द ऐकताच कामगाराच्या कपाळाला आठ्या पडल्या, तर त्यात नवल नाही.

तरीही आम्ही आज बचतीविषयीच लिहीत आहोत. कारण ज्याच्या घरात पंधरा दिवसांचा शिधा नाही आणि ज्याच्या डोक्यावर सावकाराचे देणे आहे, त्याला अन्यायाविरुद्ध उभे राहणे दुप्पट कठीण जाते. बदलीच्या आदेशाला किंवा चार्जशीटला तोंड देताना गाठीशी चार पैसे असले की माणसाचा कणा ताठ राहतो. हे ज्येष्ठ सभासदांना सांगावयास नको.

प्रश्न आहे तो सुरुवात कोठून करावयाची हा. पैसा अपुरा पडला की पहिली कुऱ्हाड स्वयंपाकघरावर पडते. दूध लिटरचे अर्धा लिटर होते, वरण पातळ होते, आईच्या औषधाची चिठ्ठी पुढच्या महिन्यावर जाते. ही काटकसर नव्हे, हा अंगावरचा तोटा आहे. शिवाय ती आपल्या मागणीच्याही मुळावर येते. १९५७ सालच्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने गरजेवर आधारित किमान वेतनाचे सूत्र ठरविले. कुटुंबातील तीन खाणारी माणसे, प्रत्येकी २,७०० उष्मांकांचा आहार, वर्षाला कुटुंबामागे ७२ वार कापड, घरभाडे आणि इंधन-दिवाबत्ती व किरकोळ बाबींसाठी वेतनाचा वीस टक्के भाग, असे ते सूत्र आहे. म्हणजे डाळ आणि दूध हा कामगाराचा चैनीचा खर्च नाही. वेतन ज्यावर मोजले जाते तो पायाच आहे. हा पाया आपण आपल्या हाताने खोदू नये.

मग कात्री कोठे लावावी? आमच्या मते सर्वप्रथम व्याजावर. पैशासाठी अडलेला माणूस खाजगी सावकाराकडे जातो. शेकडा पाच हा दर ऐकताना लहान वाटतो, पण तो महिन्याचा असतो. वीस हजार रुपये उचलले तर दरमहा एक हजार रुपये नुसते व्याज. वर्षभरात बारा हजार रुपये गेले आणि मुद्दल जागच्या जागी. हेच वीस हजार सोसायटीतून, समजा वार्षिक दहा टक्क्यांनी घेतले आणि बारा हप्त्यांत फेडले, तर एकूण व्याज अकराशेच्या आसपास होते. हप्ता साडेसतराशेच्या वर जातो हे खरे, पण वर्षअखेर मान मोकळी होते. मोबाईलवर पाच मिनिटांत मिळणारे कर्ज आणि दुकानदाराच्या ‘बिनव्याजी’ हप्त्यांची वस्तू यांचाही हिशेब असाच कागदावर मांडून पाहावा. मात्र सोसायटीचे कर्ज जुने महाग देणे फेडण्यासाठी घ्यावे; त्यावर नवी मोटारसायकल आणली तर एका खड्ड्यातून निघून दुसऱ्यात पडल्यासारखे होईल.

दुसरी कात्री व्यसनावर. गुडाखू, गुटखा, तंबाखू आणि दारू यांवर आपल्या वस्त्यांतून किती पैसा वाहून जातो, हे घरातील स्त्रियांना विचारावे. या बाबतीत आपल्याला दूरचे उदाहरण शोधावे लागत नाही. दुर्गहून रेल्वेने गाठता येणारे दल्ली-राजहरा आपल्या शेजारीच आहे. भिलाई पोलाद कारखान्याला लोहखनिज पुरविणाऱ्या तेथील खाणींतील ठेकेदारी मजुरांनी १९७७ साली छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघ उभा केला. त्याच वर्षी जूनच्या सुरुवातीला झालेल्या पोलीस गोळीबारात अकरा कामगार बळी पडले. पुढे लढ्याने मजुरी वाढली. पण वाढलेल्या मजुरीतला मोठा वाटा दारूच्या दुकानात जाऊ लागला. रक्त सांडून मिळविलेली वाढ गुत्तेवाल्याच्या गल्ल्यात जात असेल तर लढा कशासाठी, असा प्रश्न शंकर गुहा नियोगी आणि त्यांच्या साथींनी सभासदांपुढे उघडपणे ठेवला. संघटनेने दारूबंदीची मोहीम हाती घेतली आणि त्यात कामगार स्त्रिया आघाडीवर राहिल्या. त्याच कामगारांनी आपल्या वर्गणीतून आणि श्रमदानातून रुग्णालय उभे केले. ३ जून १९८३ रोजी सुरू झालेले हे शहीद रुग्णालय गोळीबारातील अकरा साथींचे स्मारक आहे. २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत नियोगींची हत्या झाली, पण रुग्णालय त्यांच्यामागेही चालू राहिले.

या उदाहरणातून आम्ही एवढेच घेतो की मजुरीचा लढा आणि पैसा राखण्याचा लढा हे एकमेकांचे वैरी नाहीत. दल्ली-राजहराच्या मजुरांनी आधी पैसा मिळविला, मग तो राखला आणि राखलेल्या पैशाचे सर्वांच्या कामाचे काहीतरी केले. हे एकट्यादुकट्याने झाले नसते. व्यसन सोडणाऱ्या माणसाला सोबत लागते आणि ती सोबत युनियन देऊ शकते.

पोस्टातील साथींना आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. १८८२ सालापासून पोस्टाची बचत बँक चालू आहे. लाखो लोकांची पासबुके आपल्या हातांनी भरली, पण आपल्या स्वतःच्या घरात आवर्ती ठेवीचे पासबुक आहे का? दररोज तीस रुपयांचा गुटखा सुटला तर महिन्याला ९०० रुपये वाचतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये ठरलेला ६.७ टक्क्यांचा दर धरला, तर पाच वर्षांत त्याचे सुमारे ६४,००० रुपये होतात. भरणा ५४,००० चा, बाकी व्याज. मुलीच्या कॉलेजची फी एवढ्यातून पूर्ण निघेल असे नाही, पण पहिल्या वर्षी सावकाराची पायरी चढावी लागणार नाही.

हा उपदेश सर्वांना सारखा लागू नाही, याचेही भान ठेवले पाहिजे. २०१८ च्या सुधारणेत चार तास काम करणाऱ्या ग्रामीण डाक सेवकाचा किमान मूळ भत्ता १०,००० रुपये ठरला. त्याला किंवा गाडीचे डबे धुणाऱ्या ठेकेदारी कामगाराला ‘खर्च कमी करा’ असे सांगणे ही थट्टा होईल. त्यांच्या बाबतीत कात्री लावण्याजोगे काही शिल्लकच नाही. तेथे पगार वाढविणे हाच उपाय आहे आणि त्यासाठी झगडणे हे कायम नोकरीतल्या आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.

शेवटी एक साधी सूचना. येत्या पगारापासून प्रत्येक सभासदाने घरात खर्चाची एक वही सुरू करावी आणि ती नवरा-बायको दोघांनी मिळून लिहावी. धान्य, दूध, औषध, फी, वीज, पेट्रोल, व्याज, व्यसन, लग्नकार्याचा आहेर, सगळे त्यात यावे. तीन महिन्यांत पैसा कोठे गळतो ते आपोआप दिसेल. या वहीचा दुसरा उपयोग त्याहून मोठा आहे. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये आठव्या वेतन आयोगाची कार्यकक्षा मंजूर झाली. वेतनाची चर्चा निघाली की समोरचा पक्ष आकडे घेऊन बसतो. आपल्याकडेही आकडे हवेत, आणि कामगाराच्या स्वयंपाकघरातील आकड्यांइतके खरे आकडे दुसरे कोणते असणार? डाळ किती लागते आणि किती घेता येते, यातील फरक या वह्यांतून दाखविता आला, तर आपले निवेदन नुसते मागणीपत्र राहणार नाही.

शाखांनी पगाराच्या आठवड्यात एक दिवस संध्याकाळी सोसायटीच्या प्रतिनिधीला बोलवावे, महाग कर्जात अडकलेल्या साथींचे अर्ज तेथेच भरून घ्यावेत आणि वह्या ठेवणाऱ्या घरांची नावे लिहून घ्यावीत. ज्यांना आकडेमोड जमत नाही, त्यांना बुकिंगवरच्या किंवा काउंटरवरच्या साथींनी मदत करावी. दिवसभर पैपैचा मेळ घालणाऱ्यांना हे काम जड नाही.