मुक्काम लांगझा

हिमालयातील गावे पायी पाहण्याची इच्छा व्यक्त करणाऱ्या वाचकांचा पहिला प्रश्न बहुधा अंतराचा असतो, उंचीचा नसतो. वास्तविक स्पितीतील लांगझा, कोमिक, डेमुल, ल्हालुंग आणि धनकर ही पायवाट चार-पाच दिवसांत उरकणारी असली, तरी तिचे पहिले तीन मुक्काम चार हजार मीटरांहून उंच असल्यामुळे, मनालीमार्गे घाईघाईने काझा गाठून दुसऱ्याच दिवशी चालू लागण्याचा उतावळा बेत शरीरधर्माशी सर्वथा विसंगत आहे. तीन हजार मीटरांच्या वर निजण्याची उंची एका दिवसात पाचशे मीटरांहून अधिक वाढवू नये, हा वैद्यकाचा दंडक. म्हणून सिमला-किन्नौरचा लांबचा, पण हळूहळू चढणारा रस्ता धरावा, वाटेत ताबोचा इ. स. ९९६ मध्ये स्थापन झालेला विहार स्वस्थपणे पाहावा आणि काझात किमान तीन रात्री काढाव्यात, कारण लांगझाचा चढ या दंडकालाही भारी आहे.

वाटाड्या त्याच खोऱ्यातला असावा. कोणाच्या घरी उतरावे आणि ऑगस्टात वाटाण्याच्या तोडणीत गुंतलेल्या यजमानांना केव्हा त्रास देऊ नये, याची तजवीज शहरातल्या (कितीही गोडबोल्या) सहल-दलालाकडून व्हायची नाही. डोके दुखू लागले, तर चढणे थांबवावे. दुखणे वाढले, तर रात्र असली तरी खाली उतरावे.

लांगझ्यात टेथिस समुद्रातील शंखाकृती जीवाश्मे कोणी विकावयास आणील. ती डोळे भरून पाहावीत. विकत मात्र घेऊ नयेत, ही विनंती.